गाडीची चावी आत जाते, पण फिरत नाही: पकड हातात घेण्याआधी हे बघा

दर शनिवारी संध्याकाळी बडोद्यातल्या दांडिया बाजारातून, आईकडून निघताना माझी गाडी अडायची. चावी पूर्ण आत जायची आणि तिथेच थिजायची. पुढे नाही, मागे नाही. मागून स्कूटरवाले हॉर्न मारतायत, आई ओट्यावरून म्हणतेय, "अगं, आधी पाणी पी, मग बघ", आणि भाचा विचारतोय, "मावशी, पकड आणू का?" पाच-सात मिनिटं खटपट केल्यावर कधीतरी आपोआप फिरायची. अकोट्याला, आमच्या सोसायटीत, मात्र एकदाही अडली नाही. गॅरेजमध्ये दाखवायला नेली तर तिथेही पहिल्या झटक्यात चालू. मेस्त्री म्हणाले, "ताई, काही नाही हो गाडीला."

हे चार महिने चाललं. मग ध्यानात आलं की गाडी बिघडलेलीच नव्हती, आणि जे होत होतं ते फक्त त्या गल्लीत होत होतं. म्हणून ज्यांची चावी वरचेवर अडते त्यांना माझं पहिलं सांगणं: अडली की लगेच उपाय शोधू नका, ती कुठे आणि कशी अडली ते लिहून ठेवा. गाडी कुठे लावली होती, चाकं कुठल्या बाजूला वळलेली होती, चावी कुठली होती, आदल्या दिवशी गाडी धुतली होती का. पाच-सहा नोंदी झाल्या की निम्मं निदान तुमचं तुम्हालाच होतं.

आधी एक गोंधळ बाजूला करू. चावी फिरतेय, दिवे लागतायत, पण इंजिन चालू होत नाही, हा वेगळा आजार आहे. तिथे बॅटरी, सेल्फ किंवा इमोबिलायझर बघायचा. इमोबिलायझर म्हणजे चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यातली चिप गाडीने ओळखायची व्यवस्था. चिप ओळखली नाही तरी चावी फिरतेच, फक्त डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलुपाचं चित्र लुकलुकतं आणि इंजिन दाद देत नाही. चावी जागची हलतच नसेल तर साध्या गिअरच्या गाडीत बॅटरी बदलून काही होणार नाही. अडचण लोखंड-पितळेची आहे, विजेची नाही.

स्टिअरिंगचा ताण

चावी काढून स्टिअरिंग थोडं फिरवलं की "खट्" असा आवाज येतो आणि स्टिअरिंग जखडतं. हे स्टिअरिंग लॉक. इग्निशनच्या कुलुपातून एक जाड लोखंडी खिटी बाहेर येते आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या खाचेत बसते. चोराने तारा जोडून इंजिन चालू केलं तरी गाडी वळवता येऊ नये, यासाठी ती सोय आहे. चावी फिरवताना आपण ही खिटी खाचेतून मागे ओढत असतो. आता समजा पुढची चाकं कशाला तरी टेकून पिळलेली आहेत. टायर सरळ व्हायला बघतो, त्याचा ताण दांड्यावर येतो, दांडा खिटीला एका बाजूने दाबून धरतो. दाबलेली खिटी निघत नाही, म्हणून चावी फिरत नाही. कुलूप ठणठणीत, चावी ठणठणीत, आणि तरी गाडी बंद.

आईच्या गल्लीत गाडी लावायची म्हणजे स्टिअरिंग शेवटपर्यंत पिळून पुढचं डावं चाक ओट्याच्या दगडाला भिडवायचं, नाहीतर समोरच्यांची रिक्षा जात नाही. तसंच बंद करून मी उतरायचे. अकोट्याला प्रशस्त जागा, चाकं सरळ. एवढाच फरक होता.

यावरचा उपाय हाताच्या अंदाजाचा आहे, म्हणून सावकाश सांगते. ब्रेकवर पाय ठेवा. चावी पूर्ण आत घाला. डाव्या हाताने स्टिअरिंग दोन्ही बाजूंना हळूच हलवून बघा. एका बाजूला ते भिंतीसारखं घट्ट लागेल, दुसऱ्या बाजूला जोर दिला तर बोटभर सरकेल. जिकडे सरकतं तिकडे दाबून धरा, पण त्या टोकालाही टेकवू नका, मधेच थांबवा. तेवढ्यात उजव्या हाताने चावी हलकेच फिरवा, दाराची कडी उघडतो तेवढ्याच जोराने. खिटी मोकळी झाल्याचं आधी स्टिअरिंगच्या हाताला कळतं, मग चावी वळते. माझी चूक अशी व्हायची की सगळा जोर मी चावीवर लावत होते. जोर स्टिअरिंगवर हवा, चावीवर नको.

चाक दगडाला फारच घट्ट भिडलं असेल तर याने भागत नाही. मग गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन, हँडब्रेक सोडून, कुणाकडून तरी वीतभर मागे ढकलून घ्या. सपाट जागा असेल तरच, आणि तुमचा पाय ब्रेकजवळच हवा.

आता मी तिथे गाडी लावली की बंद करण्याआधी स्टिअरिंग अर्धा फेरा मागे आणते, टायर दगडापासून दोन बोटं सुटा करते, हँडब्रेक ओढते आणि मग चावी काढते. उतारावर मात्र हा नियम लावू नका. पावागडला माचीपर्यंत गाडी नेली तर तिथे चाकं कठड्याकडे वळवून ठेवणंच बरोबर आहे, गाडी घरंगळली तर ती तिथेच अडावी म्हणून. परत निघताना चावी अडेल, तर वरची युक्ती करा. दोन मिनिटं जातील तर जाऊ देत.

चावी तीच, पण झिजलेली

स्टिअरिंग मोकळं हलतंय, लॉक बसलेलंच नाही, आणि तरीही चावी फिरत नाही, असं असेल तर चावी किंवा कुलूप बघायला लागतं. गाडीच्या इग्निशनमध्ये बहुतेक वेळा पितळेच्या चपट्या पत्र्या असतात, प्रत्येकीला केसासारखी बारीक स्प्रिंग. चावीच्या खाचा त्या पत्र्यांना ठरलेल्या उंचीवर आणतात. सगळ्या पत्र्या एका पातळीत आल्या की आतला गोल भाग, ज्याला चावीवाले बॅरल म्हणतात, तो फिरतो. एक पत्री जरी किंचित वर-खाली राहिली तरी बॅरल हलत नाही.

दहा-बारा वर्षं रोज वापरलेली चावी आणि कपाटात पडून राहिलेली दुसरी चावी खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरून बघा. माझ्या रोजच्या चावीच्या खाचांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. वरचा पांढरा मुलामा जाऊन आतलं पितळ पिवळं दिसत होतं. कपाटातल्या चावीच्या कडा नखाला टोचत होत्या. ती न वापरलेली चावी लावून बघा. ती सरळ फिरली तर दोष चावीत आहे. तीही अडली तर दोष कुलपात.

इथे एक चूक घरोघरी होते. झिजलेली चावी घेऊन आपण डुप्लिकेट करायला जातो. मशीन बिचारं समोर ठेवलेल्या चावीची नक्कल करतं, म्हणजे झीजसुद्धा नव्या चावीत उतरते, वर कापण्यातला थोडा फरक. मग नवी कोरी चावी पहिल्या दिवसापासून अडते आणि आपण कुलपाला दोष देतो. डुप्लिकेट कायम कमी वापरलेल्या चावीवरून करा. त्याहून चांगलं म्हणजे नंबरावरून. नवी गाडी घेताना बऱ्याच कंपन्या चाव्यांबरोबर एक छोटी पट्टी देतात, तिच्यावर चावीचा नंबर कोरलेला असतो. त्या नंबरावरून मूळ मापाची चावी कापून मिळते. ती पट्टी गाडीत ठेवू नका. घरी, कागदपत्रांच्या फायलीत ठेवा.

झिजलेल्या चावीने रस्त्यातच अडवलं तर तात्पुरतं दोन गोष्टी करून बघता येतात. चावी पूर्ण आत घालून तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी बाहेर ओढा आणि मग फिरवा. दोन्ही बाजूंना सारख्या खाचा असतील तर उलटी करून घाला. याने घरी पोचाल, पण त्याला दुरुस्ती समजू नका.

चावी वाकली असेल तर काचेच्या टेबलावर आडवी ठेवून बघा, खालून उजेड दिसतो. वाकलेली चावी ठोकून सरळ करून वापरू नका. जिथे वाकली तिथे धातू थकलेला असतो, आणि तुकडा कुलपात राहिला की एकाची दोन कामं होतात.

चावीच्या जुडग्याचंही सांगते. माझ्या जुडग्यात घराच्या तीन चाव्या, बँकेच्या लॉकरची एक, आणि आईच्या वाड्याच्या दिंडीची लोखंडी, माझ्या तळहाताएवढी. एवढं ओझं प्रत्येक खड्ड्याला इग्निशनमध्ये हिंदकळायचं आणि पत्र्या घासायचं. आणि प्रश्न झिजेपुरताच नसतो. 2014 मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सला इग्निशन स्विचच्या दोषामुळे सुमारे 26 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. स्विचची पकड ढिली होती, धक्क्याने किंवा जड जुडग्याच्या ओढीने चावी चालत्या गाडीतच मागे सरकायची, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅग उघडायच्या नाहीत. 124 मृत्यूंसाठी भरपाई द्यावी लागली. दोष त्या स्विचचा होता, पण जड जुडगं किती ओढू शकतं हे त्यातून दिसलं. तेव्हापासून माझी गाडीची चावी एकटी असते.

पुराचा गाळ आणि दसऱ्याचं कुंकू

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी गाड्यांच्या सीटच्या वर गेलं. काळाघोड्यापाशी नदी 35 फुटांच्या वर गेलेली, आम्ही तीन दिवस वरच्या मजल्यावर. पाणी ओसरल्यावर खाली उतरून पहिली गोष्ट प्रत्येकाने केली ती म्हणजे चावी लावून बघितली. ते करू नका. ज्या गाडीत पाणी शिरलंय तिची चावी आधी लावायचीच नाही. इंजिनात पाणी असेल तर सेल्फ मारल्यावर ते दाबलं जात नाही आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि कुलपात पाण्याबरोबर बारीक गाळ गेलेला असतो. चावी घातली की आपण तोच गाळ पत्र्यांच्या फटीत ठासून बसवतो.

माझ्या गाडीचं इंजिन, सीट, वायरिंग सगळं गॅरेजमध्ये साफ झालं. इग्निशनच्या कुलपाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण तेव्हा ते फिरत होतं. गाळ ओला असेपर्यंत पत्र्या सरकत होत्या. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली आणि चावी अकोट्यालाही अडायला लागली, चाकं सरळ असताना.

रावपुऱ्यातल्या चावीवाल्या काकांनी मला एक परीक्षा दाखवली, ती मला सगळ्यात उपयोगी वाटते. पांढरा जुना सुती रुमाल घ्यायचा. कोरडी, स्वच्छ चावी आत घालायची, न फिरवता बाहेर काढायची, रुमालावर पुसायची. असं दहा वेळा. मग रुमाल बघायचा. काळपट राखाडी रेघा आल्या तर तो नेहमीचा मळ आणि पितळेचा कीस. माझ्या रुमालावर आधी तपकिरी, बोटांत चोळला तर करकरणारा गाळ आला. आणि सहाव्या-सातव्या पुसण्याला लालसर रेघ. काकांनी रुमाल माझ्यापुढे धरून विचारलं, "बेन, आ शुं?" मला क्षणभर कळेना. ते कुंकू होतं. दसऱ्याला आपण गाडीची पूजा करतो, हळद-कुंकवाच्या बोटाने स्टिअरिंगला लावतो, चावीलाही लावतो, आणि तीच चावी कुलपात घालून देवळापर्यंत चक्कर मारतो. बारा दसऱ्यांचं कुंकू थोडं थोडं आत गेलं होतं. पूजा जरूर करा, मीही करते. कुंकू बॉनेटला लावा. चावीला अक्षता आणि फूल पुरे, आणि लावलंच तर चावी पुसून मग आत घाला.

गाळ काढायची रीत अशी. आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. इलेक्ट्रिकल काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो, त्याची बारीक नळी चावीच्या भोकात धरून दोन छोटे फवारे मारा. खाली फडकं धरा, घाण वाहून येते. चावी आत-बाहेर करा, पुसा, परत फवारा. रुमाल स्वच्छ येईपर्यंत. दारं उघडी ठेवा आणि जवळ काडी-उदबत्ती काही नको, हा स्प्रे पेट घेऊ शकतो. अर्धा तास वाळू द्या, मग बॅटरी जोडा.

वाळल्यावर ग्राफाइटची पूड, मोहरीच्या दाण्याएवढी, चावीच्या खाचांवर चोळून आत-बाहेर करायची. ग्राफाइट कोरडं असतं, पत्र्या सरकवतं आणि धूळ धरून ठेवत नाही. ते नसेल तर 6बी पेन्सिल चावीच्या दोन्ही बाजूंना घासा, नरम पेन्सिलीत ग्राफाइट जास्त असतं. पूड ओतू मात्र नका. ग्राफाइटमधून वीज जाते आणि बॅरलच्या मागेच इग्निशनचा स्विच असतो.

तेल घालू नका. खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, ग्रीस, काहीही. हे मी हात जोडून सांगते, कारण आमच्या सोसायटीत पुरानंतर चार गाड्यांमध्ये खोबरेल गेलं. घातल्या घातल्या चावी लोण्यासारखी फिरते, आणि महिन्याभरात तेल-धुळीची लापशी होऊन पत्र्या कायमच्या चिकटतात. डब्ल्यूडी-40 सारखा स्प्रे एखाद्या वेळी अडलेलं सोडवतो, पण तोही मागे तेलकट थर ठेवतो. तो मारला असेल तर आधी काँटॅक्ट क्लीनरने धुवा, मगच ग्राफाइट. दोन्ही एकत्र झालं की त्याचा चिखल होतो.

स्वच्छ केल्यावरही एखादी पत्री चिकटून राहिली असेल तर चावी आत ठेवून तिच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने टकटक करा, दारावर बोटाने वाजवतो तशी. हातोडी नको.

बाकी थोडक्यात. ऑटोमॅटिक गाडीत चावी मागे येत नसेल, निघत नसेल, तर गिअर नीट पी वर बसलाय का बघा. तो पुढे ढकलून पुन्हा फिरवा. अशा काही गाड्यांत बॅटरी पूर्ण उतरली तरी चावी अडकते. काही गाड्यांत एकदा सेल्फ मारल्यावर चावी पूर्ण बंदपर्यंत मागे आणल्याशिवाय दुसऱ्यांदा स्टार्टपर्यंत जातच नाही. तो बिघाड नाही, चालू इंजिनावर सेल्फ लागू नये म्हणून केलेली व्यवस्था आहे. आणि चावी तुटून आत राहिली तर उरलेल्या तुकड्याने तिला ढकलू नका, फेव्हिक्विक लावून ओढायला तर अजिबात जाऊ नका. चावीवाल्याला बोलवा.

दहाव्या प्रयत्नाला फिरते ना? मग आजच जा

रुमाल स्वच्छ आला, कपाटातली चावी लावली, चाकं सरळ आहेत, आणि तरीही आठवड्यातून दोनदा अडते, तर पत्र्या झिजल्या आहेत. इथे आपण सगळे एकच करतो: शेवटी फिरते ना, मग चालवून घेऊ. मला नेमकं याच्याविरुद्ध सांगायचंय. बहुतेक गाड्यांत बॅरल बाहेर काढायचा असेल तर चावी एक टप्पा फिरवून, म्हणजे एसीसीवर आणून, बाजूच्या भोकातून एक बारीक पिन दाबावी लागते. चावी फिरली तरच ती पिन दबते. म्हणजे चावी अधूनमधून का होईना फिरतेय तोवर काम पाऊण तासाचं आहे. ती कायमची थांबली की बॅरल ड्रिलने फोडावा लागतो. स्टिअरिंग लॉक ज्या बोल्टांनी बसवलेलं असतं त्यांची डोकी कारखान्यातच तोडलेली असतात, चोराला पाना लागू नये म्हणून, त्यामुळे तेही सोपं नाही. वर गाडी जिथे अडली तिथून उचलून न्यावी लागते, स्टिअरिंग जखडलेलं असताना.

मला एका गॅरेजने सरळ पूर्ण लॉकसेट सांगितला: इग्निशन, चारही दारं, डिकी, नव्या चाव्या आणि इमोबिलायझरचं कोडिंग. तेही एक उत्तर आहे, पण पहिलं नाही. अनुभवी चावीवाला बॅरल उघडून झिजलेल्या पत्र्या बदलतो, जुनी चावी आणि तिची चिप तशीच राहते. विचारून बघा. जो म्हणेल की स्टिअरिंगची खिटीच काढून टाकतो, किंवा तार काढून बटण बसवून देतो, त्याच्याकडून गाडी घेऊन परत या.

बॅरलचं काम घरी करू नका. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते. आणि चालत्या गाडीत चावी मागे लॉकपर्यंत कधीही नेऊ नका, उताराला पेट्रोल वाचवायला सुद्धा नाही. चावी काढली की स्टिअरिंग जखडतं. चालू इंजिनातून चावी बाहेर निघून येत असेल, तर त्या गाडीने फक्त गॅरेजपर्यंतच जा.

काकांनी माझा बॅरल दुकानाच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून उघडला. आठ पत्र्या निघाल्या, एकेक नखाएवढी. त्यांनी त्या ओळीने मांडल्या आणि तीन बोटाने बाजूला सारल्या. त्यांच्या मधल्या चौकटीची खालची कड, जिच्यावर चावी घासते, ती खोलगट झाली होती, उजेडात धरलं की दिसेल इतकी. दोन पत्र्यांच्या स्प्रिंगवर अजून गाळ होता. तीन नव्या बसवल्या, स्प्रिंगा बदलल्या, ग्राफाइट चोळून बॅरल परत घातला आणि म्हणाले, "हवे फेरवी जुओ." मी फिरवली. मग त्यांनी माझी पिवळी पडलेली चावी बाजूला ठेवायला सांगितली, पट्टीवरच्या नंबरावरून नवी कापून दिली, आणि आईच्या दिंडीची चावी जुडग्यातून काढून वेगळी माझ्या हातात ठेवली.